डाव्या सीटवरून स्टेजवर : बडोदा-इंदूर-बडोदा, तीन दिवस

दिवस पहिला, शुक्रवार

पहाटे साडेपाचला दादाने खाली एकच छोटा हॉर्न दिला. मी आधीच बॅग घेऊन जिन्यात उभा होतो. सवय आहे ती, गाड्यांच्या रॅलीत टाइम कंट्रोलला, म्हणजे वेळ नोंदवायच्या नाक्याला, मिनिटाचा हिशोब असतो, त्यामुळे घरच्या कामातही मी वेळेच्या आधी जाऊन बाहेर थांबतो, आत शिरायचं मात्र बरोबर वेळेवर.

आधी थोडं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. मकरपुरा जीआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग, माझ्यासकट सहा माणसं, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या आणि पंपाच्या पिना नि बुश करतो आम्ही. आणि 2009 पासून मी रॅलीत नॅव्हिगेटर, म्हणजे शेजारी बसून रस्ता सांगणारा, म्हणून बसतो. गाडी दादा चालवतो. सख्खा भाऊ नाही, दांडिया बाजारात आमच्या समोरच्या वाड्यात राहायचा, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, म्हणून दादा. पहिली काही वर्षं टीएसडी केल्या, म्हणजे वेळ-वेग-अंतराच्या रॅली, मग स्पेशल स्टेजवाल्या, म्हणजे रस्त्याच्या बंद केलेल्या तुकड्यांवर पूर्ण वेगात पळायच्या. धंद्यातून उरेल तेवढ्यातच करायचं हे घरी ठरलेलं, त्यामुळे वर्षाला दोन, फार तर तीन.

डिसेंबरात इंदूरच्या आत्याचा फोन आला. त्यांच्या मराठी मंडळात महिन्यातून एकदा कोणीतरी येऊन आपल्या आवडीच्या विषयावर बोलतं. तबल्यावर झालं, गच्चीतल्या भाजीवर झालं, नाण्यांवर झालं. आत्या म्हणाली, आता तू ये, आमच्याकडे गाड्यांवर कोणी बोललंच नाही अजून. मी नाही म्हटलं. पुन्हा फोन आला, पुन्हा नाही म्हटलं. मी आयुष्यात माईकवर बोललेलो नाही, शाळेत नाही, लग्नात नाही, मुलाच्या मुंजीत आभार मानायची वेळ आली तेव्हा धाकट्या भावाला पुढे केलं. तिसऱ्या फोनच्या वेळी दादा वर्कशॉपमध्येच बसला होता, त्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, आत्या, आम्ही येतोय, गाडी मी चालवतो.

तर दादाची जुनी जिप्सी, वर कॅनव्हास, जानेवारीची थंडी आणि साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. हालोलच्या अलीकडे उजव्या हाताला पावागड दिसायला लागतो, त्याच्यामागून उजाडत होतं. गोध्रा गेलं, चहा झाला, मग मी बॅगेतून भाषण काढलं. चार पानं, फुलस्केप, दोन्ही बाजूंनी, धाकट्या मुलीने अक्षर लावून दिलेलं. जिप्सीत बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं, म्हटलं बरंच आहे, आवाज मोकळा होईल. "आदरणीय अध्यक्ष महोदय आणि उपस्थित रसिकजन" इथपासून सुरू केलं. दादा काही न बोलता ऐकत होता. पहिलं पान संपलं तसा म्हणाला,

"तू माझ्याशी असं बोलतोस का कधी?"

मी पानं मिटून ठेवली. दाहोद येईपर्यंत दोघंही गप्प.

आता खरं सांगतो, प्रश्न भाषेचा नव्हताच. गाडीत माझा आवाज एका माणसासाठी असतो. हेल्मेट, इंटरकॉम, आणि माझं सगळं लक्ष त्याच्या पायांवर आणि माझ्या वहीवर. "ऐंशी, डावं चार, लांब, क्रेस्टवर उजवं तीन, आवळतं." म्हणजे ऐंशी मीटरवर डावं वळण, आकडा जितका लहान तितकं वळण तीव्र, आणि क्रेस्ट म्हणजे चढाचा माथा. एवढंच बोलायचं, पण बरोबर क्षणी, वळण दिसायच्या आधी आणि विसरलं जाईल इतकं आधीही नाही. मी अर्धा सेकंद उशीर केला तर दादा नुसतं "पुढे?" म्हणतो. इतक्या वर्षांत आमच्यातला सगळ्यात जास्त वापरलेला शब्द हाच असेल. असं बोलणं मला येतं. पण समोर सत्तर माणसं, सत्तर जोड डोळे, आणि कोणालाच कुठे वळायचं नाहीये, त्यांच्याशी काय बोलायचं?

पिटोलला मध्य प्रदेश लागला, झाबुआच्या पुढे एका ढाब्यावर दाल-पानिये खाल्ले, मक्याच्या पिठाचे, पळसाच्या पानात थापून गोवरीवर भाजलेले, वरून तूप. माछलिया घाटात दादाने मुद्दाम वेग कमी केला आणि म्हणाला, म्हण की. मी बसल्या बसल्या नोट्स म्हणत गेलो, उजवं चार, डावं तीन, मोकळं होतं. मनातलं सगळं ओझं त्या दहा मिनिटांत गेलं. आणि तिथेच डोक्यात आलं की आपण भाषण करायचंच कशाला, आपण रोडबुक वाचूया.

चारच्या सुमारास इंदूर. आत्याचं घर राजेंद्रनगरात. दारातच ओवाळलंन, म्हणाली किती वाळलास, आणि दादाला म्हणाली, तुम्ही सुद्धा. रात्री सराफ्यात जाऊन गराडू आणि भुट्ट्याचा कीस खाल्ला, ते सगळ्यांना माहीतच आहे, त्याबद्दल लिहीत नाही. लवकर झोपलो.

दिवस दुसरा, शनिवार

कार्यक्रम संध्याकाळी सहाला, रामबागेत. आम्ही सकाळी सहाला तिथे हजर होतो, बारा तास आधी. दादा गाडीवर, मी डावीकडे, मांडीवर पॅड, हातात ट्रिपमीटरचं, म्हणजे अंतर मोजायच्या मीटरचं, बटण. फाटकापाशी ट्रिप शून्य केली आणि राजवाड्यापर्यंतचं रोडबुक काढायला घेतलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रोडबुकच्या प्रत्येक ओळीत तीन रकाने. पहिल्यात अंतर, सुरुवातीपासूनचं आणि मागच्या खुणेपासूनचं. मधे एक चित्र, ह्याला ट्युलिप म्हणतात, कारण हॉलंडच्या ट्युलिप रॅलीत ही पद्धत आली, ती रॅली 1949 पासून चालू आहे. चित्रात खाली एक टपोरा ठिपका असतो, तो ठिपका म्हणजे तुम्ही, आणि बाण म्हणजे जायचं कुठे. बाकी रस्ते नुसत्या रेघा. तिसऱ्या रकान्यात खूण, देऊळ, पाण्याची टाकी, पूल. चौकात पाच रस्ते मिळू देत नाहीतर सात, ठिपका कुठे आणि बाण कुठे एवढं बघितलं की काम झालं. मला हे चित्र फार आवडतं, अजूनही आवडतं, एखाद्या अनोळखी गावात रात्री अडीच वाजता दमून गेलेलं असताना तो ठिपका दिसला की वाटतं, आहे, आपण इथे आहोत.

तर कृष्णपुऱ्याचा पूल, छत्र्या, राजवाड्याचा सात मजली दरवाजा, सगळं टिपत गेलो. सकाळी रस्ते धुतलेले असतात इथे, कचऱ्याची गाडी गाणं वाजवत फिरते, बडोदेकर म्हणून जरा हेवा वाटला. दोन फेऱ्या मारल्या, दुसऱ्या फेरीत अंतरात 20 मीटरचा फरक आला तो दुरुस्त केला. मग पोहे-जलेबी. पोह्यांवर शेव आणि जीरावण, कागदावर, उभ्यानेच. भाच्याने झेरॉक्स काढून आणल्या, सत्तर प्रती, दोन-दोन पानं स्टेपल केलेल्या.

दुपारी भाचा माणिकबागेकडे घेऊन गेला. आत सरकारी कर खात्याचं ऑफिस आहे, बाहेरूनच बघितलं. यशवंतराव होळकरांनी 1930 च्या दशकात एकार्ट मुथेसियस नावाच्या जर्मन आर्किटेक्टकडून हा बंगला बांधून घेतला होता. मला बंगल्यापेक्षा जास्त ओढ त्यांच्या गाडीची. अमेरिकन ड्युसेनबर्ग, एसजे, सुपरचार्जरवाली, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने केलेली, रंग भगवा आणि काळा. एवढी लांबलचक गाडी आणि बसायला फक्त दोन माणसं. मी भाच्याला म्हटलं, बघ, राजाला पण शेवटी शेजारी एकच माणूस लागला.

साडेपाचला हॉलमध्ये. सतरंज्या, मागे खुर्च्या, वड्यांचा वास. माईक तपासताना शिट्टी मारत होता. अध्यक्षांनी माझी ओळख करून दिली, "बडोद्याचे उद्योजक" म्हणाले, ते ऐकून कानशिलं गरम झाली. मग मी उभा राहिलो.

आणि आवाज आला नाही. असं होतं हे वाचलं होतं, पण प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, तोंड उघडलेलं असतं, श्वास घेतलेला असतो, आणि घशात एखादं जाम झालेलं बेअरिंग असतं. समोर आत्या हसत होती. दादा तिसऱ्या रांगेत, हाताची घडी. किती वेळ गेला माहीत नाही, मी नॅव्हिगेटर असूनही सांगू शकत नाही. शेवटी काही न बोलता मी खाली उतरलो आणि झेरॉक्स वाटायला लागलो. प्रत्येकाच्या हातात एक. माणसाच्या हातात कागद दिला की तो कागद बघतो, तुम्हाला नाही, ते मला एकदम बरं वाटलं. वाटून झाल्यावर माईक तसाच ठेवला आणि मधेच उभं राहून म्हटलं,

"तुम्ही सगळे ड्रायव्हर. मी नॅव्हिगेटर. गाडी फाटकात उभी आहे. ट्रिप शून्य करा."

दोन-तीन आजोबांनी खरंच बोटाने बटण दाबल्यासारखं केलं. मग मी वाचत गेलो, शून्य पॉइंट दोन, डावीकडे, खूण पिंपळ. सगळे ठिपका बघतायत, बाण बघतायत, आपलंच गाव, रोजचा रस्ता, पण असा कधी बघितलेला नाही. तिसऱ्या ट्युलिपला पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "अहो, इथून नका वळवू, वन वे केलाय तो, चालान फाडतात." मागून एकजण, "नाही काकू, दोन्ही बाजूंनी चालतो तो सकाळी." तिसरा, "सकाळी चालतो भिया, संध्याकाळी नाही, आणि आता तर खोदूनच ठेवलाय." पाच मिनिटं हॉलमध्ये नुसता गलका. मी खिशातून पेन्सिल काढली आणि सगळ्यांसमोर ती ओळ खोडून नवी लिहिली, म्हटलं, आता तुम्ही जे केलंत त्याला रेकी म्हणतात, रॅलीच्या आधी ड्रायव्हर-नॅव्हिगेटर हळू गाडीने स्टेजवरून जातात आणि नोट्स लिहितात, दुसऱ्या फेरीत चुका काढतात. त्यानंतर मला भीती अशी वाटलीच नाही, कारण मी भाषण करतच नव्हतो.

मग हिशोब सांगितला. ताशी 36 म्हणजे सेकंदाला बरोबर 10 मीटर, म्हणून नवीन नॅव्हिगेटरला आधी 36 च्या वेगाचं गणित शिकवतात, किलोमीटरला 100 सेकंद, बोटांवर होतं. मोठ्या स्टेज रॅलीत टाइम कंट्रोलला मिनिटभर उशीर झाला तर 10 सेकंद दंड, पण मिनिटभर लवकर गेलात तर पूर्ण एक मिनिट. हे ऐकून बायकांच्या बाजूने जोरात हशा आला, का ते विचारलं नाही मी. लोकांना वाटतं रेसिंग म्हणजे फक्त पळणं. 2005 मध्ये नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये गेला तेव्हा मी सुद्धा तसंच समजायचो. दादाशेजारी बसल्यावर कळलं की पळण्याइतकंच थांबणं आणि मोजणं आहे ह्यात.

आणि मग मला सगळ्यात प्रिय गोष्ट सांगितली. 1955, इटली, मिले मिलिया, ब्रेशियाहून रोम आणि परत ब्रेशिया, जवळजवळ 1600 किलोमीटर सार्वजनिक रस्त्यांवरून. स्टर्लिंग मॉस मर्सिडीज चालवत होता, गाडीचा नंबर 722, कारण सकाळी 7 वाजून 22 मिनिटांनी सुटली. शेजारी डेनिस जेन्किन्सन, दाढीवाला बुटका पत्रकार. त्याने आधी रस्ता फिरून सगळ्या नोट्स एका लांब कागदाच्या गुंडाळीवर लिहिल्या आणि ती गुंडाळी एका डबीत बसवली, फिरवत जायची. उघडी गाडी, इतका आवाज की बोललेलं ऐकूच येणार नाही. म्हणून दोघांनी हाताच्या खुणा ठरवल्या. 10 तास 7 मिनिटं 48 सेकंद, सरासरी ताशी 157 च्या वर, आणि शेजारचा माणूस एक शब्द न बोलता त्याला रस्ता सांगत होता. सांगताना मी खुणा करून दाखवत होतो, उजवीकडे, सावकाश, पूर्ण सोड, आणि समोरची पोरं तशाच खुणा करत होती.

संपलं असं वाटलं तेव्हा मागून एक मुलगी उठली. इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातली, त्यांची टीम बाजासाठी गाडी बनवते, पीथमपूरला होणारी विद्यार्थ्यांची ऑफ-रोड स्पर्धा ती, चार तासांची एन्ड्युरन्स शर्यत असते त्यात. तिने विचारलं, "काका, नॅव्हिगेटरची चूक झाली तर काय करायचं?"

ह्याचं तयार उत्तर होतं माझ्याकडे. पण मी दादाकडे बघितलं आणि वेगळंच बोलायला लागलो.

2018 मध्ये नाशिककडच्या एका रॅलीत आमची गाडी गेली. दुसऱ्या स्टेजवर, क्रेस्ट ओलांडल्यावर उजवं तीन, आवळतं, ते मी म्हटलंच नाही. त्याऐवजी डावं पाच म्हटलं. दादाने माझ्या आवाजावर गाडी टाकली, कारण क्रेस्टच्या पलीकडचं त्याला दिसत नसतं, मी म्हणेन तोच रस्ता. तुरीच्या शेतात दीड पलटी. रोलकेजने, म्हणजे गाडीतल्या पोलादी पिंजऱ्याने, वाचलो. दादाची कॉलरबोन मोडली, तीन महिने हात गळ्यात. नंतर सगळ्यांना हेच माहीत की रेकीत नोट चुकीची लिहिली गेली, म्हणजे दोघांची चूक. मी पण तसंच म्हणत आलो. नोट बरोबर होती. वही स्पायरलची, पानं मी अंगठ्याने उलटतो, धूळ आणि घामाने दोन पानं चिकटली आणि एकदम उलटली गेली. मला ते गाडी आडवी असतानाच कळलं होतं, वही छातीशी होती, अंगठा अजून त्या दोन पानांमध्येच होता. इतकी वर्षं दादाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते असं, सत्तर अनोळखी माणसांसमोर, इंदूरला.

हॉल शांत. दादा मान खाली घालून हातातली झेरॉक्स सरळ करत होता. मुलीला म्हटलं, बेटा, त्या दिवसापासून मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला सेलोटेप लावून टोक दुमडतो, एक सोडून एक, वर-खाली. तू पण तसं कर. ती ते वहीत लिहून घेत होती. मग टाळ्या झाल्या, वडे झाले, आजींनी मला वन वेबद्दल पुन्हा समजावलं. दादा भाच्याबरोबर बाहेर गाडीपाशी जाऊन उभा होता. घरी जाताना काहीच बोलला नाही, मी पण नाही. रात्री मला झोप लागली नाही.

दिवस तिसरा, रविवार

आत्याने शेव, लोणचं आणि तिळाच्या वड्या बांधून दिल्या, एक डबा दादासाठी वेगळा. परतीच्या वाटेवर पीथमपूरवरून गेलो. गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या नॅट्रॅक्सचा हाय स्पीड ट्रॅक तिथे आहे, 11.3 किलोमीटरचा लंबगोल, चार लेनचा, वळणं अशी कललेली की ताशी 250 ला स्टिअरिंग न ओढता गाडी फिरते. 2021 च्या जूनमध्ये उद्घाटन झालं. आत जायला परवानगी लागते, आमच्याकडे नव्हती, कुंपणाबाहेर गाडी लावून पाच मिनिटं उभे राहिलो. पलीकडे कुठेतरी एक इंजिन चढत चढत जात होतं आणि दूर जाऊन बारीक होत होतं. दादाने डोळे मिटून ऐकलं. म्हणाला, "पाचवा टाकला." एवढंच.

कारखान्यांच्या रांगांमधून जाताना मी उगाच बुशबद्दल बोलत राहिलो, सोमवारी 400 नग द्यायचे आहेत, बोअरमध्ये दोन पॉइंट जास्त जातायत, नवीन टूल बघायला हवं. दादा हं हं करत होता.

माछलिया घाट चढून उतरलो, झाबुआ मागे पडलं, तेव्हा तो बोलला. समोर बघतच.

"मला माहीत होतं."

मी म्हटलं, काय?

"पान. इंटरकॉममध्ये तुझ्या पान उलटण्याचा आवाज येतो मला. दर वेळी एक येतो. त्या वेळी जड आला. दोन पानांचा."

मग तू म्हणाला का नाहीस कधी, असं मी विचारलं, माझा आवाज कालच्यासारखाच अडकला होता.

"तू म्हणशील म्हणून थांबलो होतो," दादा म्हणाला. थोड्या वेळाने, "लवकर गेलो असतो तर दंड जास्त."

पिटोलपर्यंत ऊन तिरपं झालं होतं, कॅनव्हास फडफडत होता, मी आत्याच्या डब्यातली एक तिळाची वडी काढून त्याच्या हातावर ठेवली. ती खाऊन त्याने हात पॅन्टला पुसला, गिअर टाकला.

"पुढे?"

मांडीवर वही नव्हती. बाहेर बघितलं, किलोमीटरचा दगड येत होता.

"दाहोद वीस," मी म्हटलं. "सरळ."